एल. पेन कोण होता?

लहानपणी मला वाटायचं, एल. पेन हे पेनाच्या कंपनीचं नाव असेल.

भुसावळला रेल्वे क्वार्टर्समध्ये आमच्या शेजारी एक अँग्लो-इंडियन गार्डसाहेब राहायचे. आम्ही पोरं त्यांना अंकल म्हणायचो. ज्या रविवारी ड्यूटी नसेल, त्या दिवशी सकाळी त्यांच्या खिडकीतून जिम रीव्ह्जचा आवाज यायचा. खालचा, मऊ, कुणाला घाई नसल्यासारखा. अमेरिकेतल्या टेक्सासचा हा कंट्री गायक १९६४ साली विमान अपघातात गेला, पण आपल्याकडे गोव्यात, मुंबईत, रेल्वेच्या कॉलन्यांत, जिथे जिथे ख्रिस्ती घरं होती तिथे तो पुढे कितीतरी वर्षं नाताळला हमखास हजर असायचा. अंकलकडे त्याची एक कॅसेट होती. आमची मराठी शाळा, इंग्रजी पाचवीपासून. नवीन नवीन वाचता येत होतं म्हणून मी कॅसेटच्या कव्हरवरचं सगळं वाचायचो. ‘आय लव्ह यू बिकॉज’ या गाण्यापुढे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं होतं : एल. पेन.

अंकलना विचारलं, तर म्हणाले, “लिहिणारा असेल कुणी.”

असेल कुणी. हे दोन शब्द परवा पुन्हा ऐकले म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

तर परवा अमळनेरकडे एका लग्नात होतो. वरातीत डीजेवर एक अहिराणी गाणं लागलं आणि अख्खं वऱ्हाड नाचायला लागलं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझा मामा बसलेला. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, हातात पत्रावळ. गाणं त्याचं आहे. म्हणजे शब्द त्याचे, चालही त्याचीच. १९९६ साली एका कॅसेटवाल्याने त्याच्याकडून सहा गाणी घेतली, बाराशे रुपये दिले आणि ढाब्यावर जेवायला घातलं. कागद नाही, सही नाही. आज त्यातल्या या एका गाण्याचं रिमिक्स यूट्यूबवर लाखांत चाललंय. मी तिथंच मोबाइल काढून व्हिडिओखालचं वर्णन उघडलं. गायकाचं नाव, डीजेचं नाव, कॅमेरावाल्याचं नाव, ड्रोनवाल्याचं सुद्धा. आणि गीत-संगीत : पारंपरिक.

वऱ्हाडातल्या एका पोराला विचारलं, हे गाणं कुणी लिहिलंय माहितीये का रे? तो नाचता नाचता म्हणाला, “असेल कुणी, काका.”

मामा म्हणाला, “जाऊ दे रे भो. जेव.”

मला काही जाऊ देता आलं नाही. घरी येऊन रात्री जुना प्रश्न पुन्हा उघडला. एल. पेनचा शोध मी इंटरनेट आल्यावर घेतलेला होताच, आणि त्या नादात कंट्री संगीतातल्या अशा कितीतरी माणसांपर्यंत पोचलो होतो ज्यांची नावं ते संगीत ऐकणाऱ्यांनाही ठाऊक नसतात. मामामुळे ती माणसं आता वेगळी दिसायला लागली.

लिओन पेन. जन्म १९१७, टेक्सासमधलं आल्बा नावाचं लहान गाव. लहानपणीच दृष्टी गेली. ऑस्टिनच्या अंधशाळेत शिकला, तिथे वाद्यं शिकला, आणि मग गिटार घेऊन रस्त्यावर उभा राहून येईल त्या गाडीला हात करत गावोगाव फिरला. आंधळा माणूस, एकटा, हमरस्त्याच्या कडेला. एकदा कॅलिफोर्नियातून आजारी आईला भेटायला गावी निघालेला असताना त्याला कुणी गाडीतच घेईना. त्या अडकलेल्या अवस्थेतून ‘लॉस्ट हायवे’ हे गाणं आलं, असं त्याच्या घरचे सांगत. १९४९ साली ते हँक विल्यम्सने गायलं. हँक म्हणजे कंट्रीतलं सर्वात मोठं नाव, दारूने पोखरलेला, वयाच्या २९ व्या वर्षी गाडीच्या मागच्या सीटवर मेलेला. साहजिकच सगळ्या जगाने ठरवून टाकलं की हे हँकचंच आत्मचरित्र. हँकच्या आयुष्यावरच्या नाटकालासुद्धा याच गाण्याचं नाव दिलंय. ज्याला खरोखर रस्ता दिसत नव्हता, तो माणूस मात्र त्या रस्त्यावरून पुसला गेला.

‘आय लव्ह यू बिकॉज’ त्याने बायकोसाठी, मर्टीसाठी लिहिलं. ते त्याने स्वतः गायलं आणि १९५० च्या सुरुवातीला ते अमेरिकेच्या कंट्री यादीत पहिल्या नंबरला गेलं. गायक म्हणून त्याचं हे एकच यश. पुढे जुलै १९५४ मध्ये मेम्फिसच्या एका छोट्या स्टुडिओत एल्विस प्रेस्ली नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा पहिल्यांदा खरंखुरं रेकॉर्डिंग करायला उभा राहिला, तेव्हा त्यानेही हेच गाणं गायलं. मग जिम रीव्ह्जने. मग भुसावळ.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर आपण नुसतेच हळहळत बसू. लिओन पेनचं नाव लोक विसरले, पण हिशेबातून तो गेला नाही. कव्हरवरची ती मुंगीएवढी अक्षरं म्हणजे मान-सन्मान नव्हे, ती पावती असते. कॅसेट भुसावळात विकली गेली तरी कुठल्यातरी वहीत त्या नावासमोर काही पैसे जमा होतात.

याचं सगळ्यात छान उदाहरण म्हणजे सिंडी वॉकर. ही बाई १९४० च्या सुमारास, विशी जेमतेम ओलांडलेली असताना, आई-वडिलांबरोबर लॉस एंजेलिसला गेली होती. गाडीतून जाताना बिंग क्रॉस्बीच्या ऑफिसची इमारत दिसली. वडिलांना म्हणाली, गाडी थांबवा. आत गेली, गाणं ऐकवून आली, आणि क्रॉस्बीने ते रेकॉर्ड केलं. (आपल्याकडे असं कुणी लता मंगेशकरांच्या दारात गेलं असतं तर वॉचमननेच परत पाठवलं असतं. असो.) पुढे बॉब विल्स या टेक्सासच्या लाडक्या बँडवाल्यासाठी तिने पन्नासहून जास्त गाणी लिहिली. ‘यू डोंट नो मी’ हे तिचंच. गायक एडी अर्नॉल्डने तिला फक्त कल्पना आणि शीर्षक सुचवलं होतं, ते घेऊन तिने गाणं उभं केलं. १९५६ मध्ये अर्नॉल्डने गायलं, १९६२ मध्ये रे चार्ल्सने गायलं. रे चार्ल्सचं ते गाणं ऐकून जगभर लोक रडले, आणि त्यातल्या बहुतेकांना ते रे चार्ल्सचंच वाटलं.

सिंडी वॉकर काही वर्षांनी कॅलिफोर्निया सोडून टेक्सासला परत आली, मेक्सिया नावाच्या छोट्या गावात आईबरोबर राहिली. पहाटे उठून टाइपरायटरवर शब्द लिहायचे, आईने पियानोवर चाल धरायला मदत करायची, आणि वर्षातले काही महिने दोघींनी नॅशव्हिलला जाऊन गाणी विकायची. तिच्या गाण्यांनी चाळीसच्या दशकापासून ऐंशीच्या दशकापर्यंत प्रत्येक दशकात पहिल्या दहांत जागा मिळवली. १९९७ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये तिची निवड झाली. २००६ च्या मार्चमध्ये विली नेल्सनने नुसत्या तिच्या गाण्यांचा एक अल्बम काढला, आणि तो बाजारात आल्यानंतर नऊच दिवसांनी ती गेली. रस्त्यात तिला कुणी ओळखलं नसतं. पण गाणी लिहून एका बाईने आयुष्यभर घर चालवलं, दुसऱ्याच्या दयेवर नाही. नाव नसणं आणि हिशेबात नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला सिंडी वॉकरमुळे कळलं.

दोन्ही नसणं म्हणजे काय, ते लेस्ली रिडलमुळे.

कार्टर फॅमिली हे नाव काही जणांनी ऐकलं असेल. १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात राल्फ पीअर नावाच्या माणसाने तात्पुरता स्टुडिओ थाटला आणि डोंगरातल्या गाणाऱ्यांना बोलावलं. त्यात ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि भावजय मेबेल आले. कंट्री संगीताचा जन्म तिथे झाला असं मानतात. पीअरला एकच गोष्ट हवी असायची : गाणं असं पाहिजे की ज्याच्यावर आपल्याला हक्क नोंदवता येईल. जुनं, गावात सगळ्यांना माहीत असलेलं गाणं कुणाच्या मालकीचं नसतं. पण तेच थोडं फिरवून, नवीन म्हणून नोंदवलं की मालक तयार होतो.

मग ए. पी. कार्टर डोंगर पालथे घालून गाणी गोळा करायला लागला. त्याची अडचण अशी की शब्द तो लिहून घ्यायचा, पण चाल त्याच्या डोक्यात राहायची नाही. म्हणून बरोबर असायचा लेस्ली रिडल. कृष्णवर्णीय, सिमेंट कारखान्यातल्या अपघातात एक पाय गेलेला, उजव्या हाताची दोन बोटं नसलेली, आणि तरीही गिटारवर असा हात की बघत राहावं. ए. पी. लिहायचा, रिडल ऐकायचा. घरी आल्यावर रिडल ती चाल सारा आणि मेबेलला वाजवून दाखवायचा. रिडल म्हणजे चालताबोलता टेपरेकॉर्डर. मेबेल कार्टरच्या गिटारच्या शैलीवर पुढच्या कितीतरी पिढ्या शिकल्या, आणि ती स्वतः रिडलकडून शिकली होती. ‘कॅननबॉल’ हे रेल्वेचं गाणं तर त्यांना त्यानेच शिकवलं.

तबकडीवर नाव : ए. पी. कार्टर.

रिडलच्या नावावर काही नाही. रॉयल्टी नाही, उल्लेख नाही. चाळीसच्या दशकात तो न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला निघून गेला आणि पुढे गिटारही विकून टाकली. १९६५ मध्ये लोकसंगीताचा अभ्यासक माइक सीगरने त्याला शोधून काढलं, पुन्हा वाजवायला लावलं, वर्षानुवर्षं रेकॉर्ड केलं. त्याचा अल्बम निघाला १९९३ मध्ये. रिडल तोवर जगात नव्हता.

मी कार्टरला चोर म्हणत नाही. तो पायपीट करून गेला नसता तर त्यातली कितीतरी गाणी म्हाताऱ्यांबरोबर मातीत गेली असती. कृष्णवर्णीय मित्राबरोबर त्या काळात, त्या भागात हिंडणं, त्याला आठवडेच्या आठवडे घरात ठेवून घेणं, हेही सोपं नव्हतं. दोस्ती खरी होती. पण दोस्ती वहीत लिहिली जात नाही. तिथे सगळ्यांचं होतं ते एकाच्या नावावर झालं. माझ्या मामाच्या बाबतीत उलटं झालं, एकाचं होतं ते सगळ्यांचं करून टाकलं. दोन्हीकडे ज्याच्या डोक्यातून चाल आली, तोच बाहेर.

आता डीफोर्ड बेली. रेल्वेच्या पोरांनी हे नक्की वाचा.

१८९९ चा जन्म, टेनेसीतला. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला, उंची फार वाढली नाही. अंथरुणात पडून पडून माऊथ ऑर्गन वाजवायला शिकला. घराजवळ रेल्वेचा पूल होता. शाळेत जाता-येता त्याखाली थांबायचा, वरून जाणाऱ्या गाडीचा आवाज कानात भरून घ्यायचा आणि दिवसभर तो बाजावर काढत बसायचा. त्यातून ‘पॅन अमेरिकन ब्लूज’ तयार झालं. पॅन अमेरिकन हे एका एक्सप्रेस गाडीचं नाव. यूट्यूबवर ऐका. लांबून येणारी शिट्टी, चढावर धापा टाकणारं इंजिन, पुलावरची खडखड. आमच्या अंकलनी हे ऐकलं असतं तर हिरवा झेंडाच दाखवला असता.

नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवर शनिवारी रात्री कार्यक्रम असायचा. १९२७ च्या डिसेंबरातली गोष्ट सांगतात. आधीच्या तासाला शास्त्रीय संगीताचा, ऑपेरा वगैरेचा भारदस्त कार्यक्रम झालेला. निवेदक जॉर्ज हे याने बेलीला आगगाडी वाजवायला लावली, आणि मग म्हणाला की तासभर तुम्ही ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता हा आमचा ‘ग्रँड ओल ऑप्री’. ते नाव आजतागायत चालू आहे. कंट्री संगीताच्या पंढरीचं बारसं एका कृष्णवर्णीय माणसाच्या माऊथ ऑर्गनवर झालं. १९२८ सालच्या ५२ आठवड्यांपैकी ४९ आठवडे तो त्या कार्यक्रमात होता. दौऱ्यावर गर्दी त्याच्या नावावर जमायची. पण मुक्कामाला हॉटेलात त्याला खोली मिळायची नाही, खानावळीत पान मिळायचं नाही.

१९४१ मध्ये त्याला काढून टाकलं. का, ते समजून घेण्यासारखं आहे. तोवर अमेरिकेत गीतकारांचे पैसे गोळा करणारी ॲस्कॅप नावाची एक मोठी संस्था होती. तिच्यात डोंगराळ भागातल्या गावरान गाणी लिहिणाऱ्यांना आणि कृष्णवर्णीयांना जवळपास प्रवेशच नव्हता. तिने रेडिओवाल्यांकडे जास्त पैसे मागितले, रेडिओवाले बिथरले, त्यांनी तिची सगळी गाणी बंद केली आणि बीएमआय नावाची स्वतःची संस्था पुढे आणली. बीएमआयला गाणी हवी होती, म्हणून तिने ॲस्कॅपने हाकललेल्या लोकांना जवळ केलं. यातूनच कंट्रीवाल्या गीतकारांना पहिल्यांदा रेडिओचे पैसे नीट मिळायला लागले. लिओन पेन किंवा सिंडी वॉकर गाणी लिहून जगू शकले, त्यामागे हे भांडण आहे.

आणि याच भांडणात बेली गेला. त्याच्या गाजलेल्या धुना ॲस्कॅपकडे नोंदवलेल्या, त्यामुळे त्या रेडिओवर वाजवायला बंदी. नवीन वाजव म्हणाले. लोकांना तर त्याच्याकडून तीच आगगाडी ऐकायची होती. काही महिन्यांत नोकरी संपली. जॉर्ज हे याने पुढे कार्यक्रमाचा इतिहास लिहिला, त्यात चक्क लिहिलं की बेली आळशी होता. नाव ज्याच्या बाजावर ठेवलं, त्याच्याबद्दल हे! बेलीने नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचं दुकान चालवून उरलेलं आयुष्य काढलं. १९८२ मध्ये गेला. हॉल ऑफ फेममध्ये २००५ मध्ये घेतलं.

त्याची आठवण शिल्लक राहिली ती एका सरकारी माणसामुळे. १९७३ मध्ये डेव्हिड मॉर्टन नावाचा नॅशव्हिलच्या गृहनिर्माण खात्यातला तरुण कर्मचारी भाडेकरूंसाठीच्या कामाच्या निमित्ताने म्हाताऱ्या बेलीला भेटला, मग भेटतच राहिला, त्याचं बोलणं टिपून ठेवत गेला. त्यातून १९९१ मध्ये चरित्र आलं. आपल्याकडच्या तमाम सरकारी कर्मचारी मित्रांनी हे मनावर घ्यावं.

लिंडा मार्टेलबद्दल लिहायचं तर वेगळी पोस्ट होईल. १९६९ मध्ये ऑप्रीवर एकटीने गाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री, १९७० मध्ये एकच अल्बम, मग कंपनीशी बिनसलं आणि रेकॉर्डिंग संपलं. २०२४ मध्ये बियॉन्सेने आपल्या कंट्री अल्बममध्ये तिचा आवाज घेतला, तेव्हा जगाने विचारलं, ही कोण? तेव्हा ती ऐंशी पार झालेली होती. आणि गंमत म्हणजे अमेरिकेत आजही साध्या एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला जातात, गाणाऱ्याला एक दमडी नाही. सिंडी वॉकर लिहिणारी होती म्हणून तरली.

आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले. आता सिनेमातलं असो वा नुसतं रेकॉर्ड केलेलं गाणं असो, गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहून घेऊनही काढून घेता येत नाही. ‘माझा हक्क सोडला’ अशी सही केली तरी ती चालत नाही. कायदा चांगला आहे. पण हिंदी सिनेमावाल्यांना तो माहीत आहे, अमळनेर-पारोळ्याच्या गाणी जुळवणाऱ्यांना नाही. खान्देशात कॅसेटच्या काळात शेकडो अहिराणी गाणी निघाली, आता त्याच गाण्यांवर व्हिडिओ चालतात. त्यातल्या किती जणांनी आयपीआरएसचा, म्हणजे आपल्याकडे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा, फॉर्म पाहिलाय?

ओळखीच्या वकिलाला मामाचं सांगितलं. तो म्हणाला, कागद नाही ही गोष्ट तुमच्या बाजूचीही आहे. कॉपीराइट लेखी सहीशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. पण गाणं तुमच्या मामाचंच, हे दाखवायला काहीतरी पाहिजे.

मामाची वही २००६ च्या पुरात गेली. कॅसेट त्याच्याकडे नाही, भाच्यांच्या लग्नांत कुणी कुणी नेली ती परत आलीच नाही. पण त्याला एक पक्कं आठवतं. त्या पहिल्या कॅसेटच्या आतल्या कागदावर गाण्यासमोर त्याचं नाव छापलेलं होतं. अगदी बारीक अक्षरात.

काल त्याला लिओन पेनचं सगळं सांगितलं. आंधळा होता म्हटल्यावर मामाने विचारलं, “मग लिहून कोण घ्यायचं त्याचं?” मला उत्तर देता आलं नाही. मग म्हणाला, “त्याचं ते बायकोचं गाणं लाव.” मोबाइलवर लावलं. शब्द त्याला एक कळला नसणार. दुसऱ्या कडव्याला बोटं खाटेच्या कडेवर ठेका धरायला लागली होती.

तर मंडळी, काम आहे. धुळे, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, एरंडोल, मालेगावकडच्या सगळ्यांनी घरातले जुने कॅसेटचे खोके उघडा. १९९६-९७ सालची, लग्नाच्या अहिराणी गाण्यांची कॅसेट, कव्हरवर सजवलेली बैलगाडी आणि मागे वऱ्हाड. फीत तुटलेली असली तरी चालेल. मला फक्त आतल्या कागदाचा फोटो हवाय, दोन्ही बाजूंचा. गाण्याचं नाव इनबॉक्समध्ये विचारा, सांगतो. लग्नात बँड वाजवणारे, टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे, जत्रेत कॅसेटची हातगाडी लावणारे कुणी ओळखीचे असतील तर त्यांनाही ही पोस्ट दाखवा.